रीफ टँक: नायट्रेट ०, फॉस्फेट ०, पाणी आरशासारखं. मग कोरल का मरतायत?

निळाईवेडा | ११ जानेवारी

मंडळी, मदत हवी आहे. मी एडिसन, न्यू जर्सी इथे असतो. ७५ गॅलनचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे, खाली संप (यंत्रं ठेवायची जोडटाकी), दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण ३०० लिटर. अकरा महिने झाले. सुरुवात कोरड्या दगडांनी केली. मासे तीनच: क्लाउनफिशची जोडी आणि एक रॉयल ग्रामा.

ऑगस्टमध्ये दगडांवर केसाळ शेवाळ माजलं. तेव्हा जो भेटला त्याने एकच सांगितलं, पोषकं खाली आण. आणली. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) होताच, संपमध्ये पोषकं शोषणारं कीटोमॉर्फा शेवाळ लावलं, रिअॅक्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) भरला आणि ऑक्टोबरपासून, पोषकं खाणारे बॅक्टेरिया वाढावेत म्हणून, रोज अडीच मिली व्होडका. माशांना खाणं दिवसाआड केलं. शेवाळ गेलं. दिवाळीत टँक असा काही चमकत होता की पाहुणे फराळाच्या ताटल्या हातात घेऊन त्याच्यासमोरच उभे.

आता सहा आठवडे झाले, नायट्रेट ० आणि फॉस्फेट ०.००. अल्कलिनिटी (कोरलला सांगाडा बांधायला लागणारे कार्बोनेट) ११ डीकेएच, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३५०. प्रगतिपुस्तक बघितलं तर पहिला नंबर. पण कोरलपैकी बर्ड्स नेस्ट बुडापासून पांढरं पडत चाललंय, अॅक्रोपोराची टोकं जळल्यासारखी झालीत, हॅमरचा हिरवा रंग उतरून ताकासारखा दिसतोय. आणि वाळूवर, दगडांवर तपकिरी शेंबडासारखा थर. त्याच्या तारा लोंबतात, प्रत्येक तारेच्या टोकाला बुडबुडा. सकाळी जवळजवळ काही नसतं, संध्याकाळी सगळीकडे. पाच गोगलगायी मेल्या.

व्होडका वाढवू, की जीएफओ नवा भरू?

बोंबीलफ्राय | ११ जानेवारी

तीन माशांत चौघांचं जेवण होणार नाही, एवढंच कळलं. वाचतोय.

माणिक_ठाणे | १२ जानेवारी

जीएफओ संपला असेल, नवा भर आणि ३०% पाणी बदल. तपकिरी थर म्हणजे डायटम (सूक्ष्म शैवाल) किंवा सायनो (सायनोबॅक्टेरिया), आणि दोन्ही पोषकं जास्त झाल्याचीच लक्षणं. चाचणीत शून्य येतंय कारण शेवाळ सगळं खाऊन टाकतंय. समुद्रातल्या रीफवर नायट्रेट जवळजवळ नसतंच, आपण तेच गाठायचं.

कालवण | १२ जानेवारी

निळाई, थांब. यातलं काहीही करू नकोस. पाणी बदलू नकोस, जीएफओ तर आजच काढ.

(ओळख: मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले. सध्या मस्कतला आहे. घरातला रीफ टँक नवव्या वर्षात आहे, आणि त्याआधीचा एक मी अगदी तुझ्याच पद्धतीने मारलेला आहे.)

सकाळी गायब, संध्याकाळी हजर, तारेच्या टोकाला बुडबुडा आणि वर गोगलगायी मरतायत. हे डायनोफ्लॅजेलेट (डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) वाटतात. खात्री घरीच होईल. ड्रॉपरने तो शेंबूड थोड्या पाण्यासकट बाटलीत घे, तारा पूर्ण मोडेपर्यंत जोरात हलव आणि कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळ. गाळलेलं पाणी काचेच्या पेल्यात घालून उजेडात तासभर ठेव. त्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनो. सायनो एकदा विस्कटला की असा परत गोळा होत नाही.

हात घालताना ग्लोव्ह्ज घाल. डायनोंच्या काही जाती विषारी असतात, गोगलगायी बहुधा त्यानेच गेल्या.

माणिक, "शेवाळ सगळं खातंय म्हणून चाचणीत शून्य" हे केसाळ शेवाळाच्या बाबतीत खरं आहे. डायनोंचं उलटं. इतर सगळे उपाशी मेले की मोकळ्या जागेत हे घुसतात. यांच्यातले बरेच जण प्रकाशावरही जगतात आणि बॅक्टेरियाही खातात, त्यामुळे दुष्काळ यांच्या पथ्यावर पडतो.

निळाईवेडा | १३ जानेवारी

ताई, चाळीस मिनिटांत पेल्यात परत जाळं! मुलीच्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवला. चारशे पटीत शेकडो थेंबासारखे आकार दिसतायत, एका बाजूला निमुळते. पुढे सरकत नाहीत. टोकाने कुठेतरी बांधल्यासारखे जागच्या जागी गिरक्या घेतात. मुलगी म्हणाली, "बाबा, हे फुगडी घालतायत."

कालवण | १३ जानेवारी

मुलीने निदान केलं. ऑस्ट्रिऑप्सिस. यातल्या त्यात नशीबवान आहेस, कारण हे रात्री वाळू-दगड सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून पाणी यूव्ही दिव्यासमोरून फिरवलं की मरतात. लंबगोल असते आणि वाळूवर सरपटत फिरली असती तर अॅम्फिडिनियम. ती वाळूतच राहते, तिला यूव्ही काही करत नाही. तेव्हा मी तुला वेगळं सांगितलं असतं.

आता क्रमाने सांगते.

जीएफओ बंद. व्होडका एकदम तोडू नकोस, रोज थोडी कमी करत आठवड्यात शून्यावर आण, नाहीतर तिच्यावर पोसलेले बॅक्टेरिया एकदम मरून नवीच घाण होईल. कीटोमॉर्फाचा दिवा चार तासांवर आण. स्किमर चालू राहू दे, ऑक्सिजनसाठी. कार्बनची पिशवी लाव, विष शोषायला, आणि ती दर आठवड्याला बदल. यूव्ही २५ वॅटचा, म्हणजे दर तीन गॅलनला एक वॅट. तो खालच्या संपमध्ये न जोडता थेट मुख्य टँकमधून पाणी घेऊन तिथेच सोडणारा, आणि प्रवाह संथ. माशांना रोज दोनदा खायला घाल.

अल्कलिनिटी ११ हे दुसरं दुखणं. पोषकं शून्य असताना इतकी अल्कलिनिटी म्हणजे पोटात अन्न नाही आणि ओव्हरटाइम दुप्पट. सांगाडा भराभर वाढवायला रसायन आहे, त्याच्यावर मांस चढवायला काही नाही, म्हणून टोकं जळतात. अल्कलिनिटीचं डोसिंग थांबव, कोरल स्वतःच वापरून ती खाली आणतील. ८ ला आली की तिथे धर. दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त घसरू देऊ नकोस.

आणि मुख्य काम म्हणजे नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत चढवायचं. हो, विकत आणून घालायचं.

माणिक_ठाणे | १३ जानेवारी

आयुष्यभर जे काढायला पैसे घातले ते आता विकत आणून घालायचं? समुद्राचं काय मग? तिथे फॉस्फेट ०.०२ च्याही आत असतं आणि रीफ हजारो वर्षं उभे आहेत.

कालवण | १४ जानेवारी

हा प्रश्न रास्त आहे. माझा पहिला टँक याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी गेला.

रीफ हे हातावर पोट असलेलं कुटुंब आहे. घरात शिल्लक कधीच दिसत नाही, पण रोजची कमाई चुकत नाही. प्रवाहाबरोबर प्लँक्टन अखंड येत असतं. हजारो मासे कोरलवरून फिरताना मुततात आणि हगतात. तो अमोनिया आणि ते कण पाण्यात मिसळून आकडा वाढायच्या आत कोणीतरी उचललेले असतात. पाणी तपासलं तर रिकामं, कारण आलं तसं खर्च झालं. तुझ्या टँकमध्ये तीन मासे, दिवसाआड चिमूटभर खाणं आणि चार-चार यंत्रं वसुलीला बसलेली. शिल्लक शून्य दोन्हीकडे, पण एका घरी कमाई आहे आणि दुसऱ्या घरी नाही. चाचणी शिल्लक मोजते, कमाई मोजत नाही.

म्हणून अत्यंत कमी पोषकांवर चालणारे सुंदर टँकही असतात, हे माणिकचं खरं. पण त्यांचे मालक मासे भरपूर ठेवतात, पाच-सहा वेळा खाऊ घालतात, अमिनो आम्लं देतात आणि अल्कलिनिटी ७-८ च्या वर जाऊ देत नाहीत. आपण त्यांचा शून्य उचलतो आणि खाऊ घालणं विसरतो.

माणिक_ठाणे | १४ जानेवारी

कमाई आणि शिल्लक, हे पटलं. माझ्या टँकमध्ये चौदा मासे आहेत, त्यामुळे माझं शून्य चालून जात असावं. जीएफओचा सल्ला मागे.

निवृत्त_रसायनमास्तर | १४ जानेवारी

मी सांगलीला बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आयुष्यात एक गप्पीसुद्धा पाळलेला नाही. पण आकडे दिसले की हात शिवशिवतात.

माशांच्या कोरड्या खाण्यात ४५% प्रथिनं धरा. प्रथिनांत नायट्रोजन १६%, म्हणजे एका ग्रॅम खाण्यात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन. नायट्रेट करायला ४.४३ ने गुणा, ३१९ मिलिग्रॅम. ३०० लिटरमध्ये १ पीपीएमहून थोडं जास्त. फॉस्फरस १% धरला तर १० मिलिग्रॅम, फॉस्फेट सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ पीपीएम. सगळं विरघळलं तर, अर्थात. एक ग्रॅम म्हणजे चमचाभरसुद्धा नाही!

पुढे दोघांचे रस्ते वेगळे होतात, असं माझ्या ध्यानात आलं. दगडांच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला असा वायुरूप मार्गच नाही. तो कुणाच्या तरी शरीरात जाईल, दगडाला चिकटेल किंवा तुम्ही हाताने बाहेर काढाल तेव्हाच जाईल. बरोबर ना, कालवणताई?

कालवण | १४ जानेवारी

सर, शंभर टक्के. जुन्या टँकमध्ये नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट डोक्यावरून, हे चित्र म्हणूनच दिसतं. चिकटण्याबद्दल एक भर: अॅरागोनाइटचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यात कमी झालं की सोडतात. निळाईने कोरडे दगड घेतले आणि पहिल्या दिवसापासून ते उपाशी ठेवले. आता तो जे घालेल त्याच्यावर आधी दगड ताव मारणार.

निळाईवेडा | १६ जानेवारी

सोडियम नायट्रेट मिळालं, फॉस्फेटची बाटली यायची आहे. तोवर नुसतं नायट्रेट चालू करू ना? मास्तर, प्रमाण काढून द्याल?

निवृत्त_रसायनमास्तर | १६ जानेवारी

घ्या. सोडियम नायट्रेटचा रेणुभार ८५, त्यात नायट्रेट ६२. तुमच्या ३०० लिटरला १ पीपीएमसाठी ४११ मिलिग्रॅम लागेल. ४१ ग्रॅम एका लिटरात विरघळवा, मग १० मिली म्हणजे १ पीपीएम. निर्जल ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये फॉस्फेट ५८%. ते ५.२ ग्रॅम एका लिटरात, मग १ मिली म्हणजे ०.०१ पीपीएम. बाटलीवर "डोडेकाहायड्रेट" लिहिलं असेल तर मला परत विचारा, त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आणि खाद्य दर्जाचं घ्या. भिंती धुवायची पावडर त्याच नावाने विकतात, तिच्यात सोडा मिसळलेला असू शकतो.

कालवण | १६ जानेवारी

नुसतं नायट्रेट नको! दोन दिवस थांब, दोन्ही बरोबर. २०१३ मध्ये साउथहॅम्प्टनच्या यॉर्ग वीडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ असेल तर कोरलमधल्या शैवालांची वाढ सुरू होते, पण पेशींच्या पटलाला लागणारा फॉस्फरस पुरत नाही. मग प्रकाश आणि उष्णता सोसत नाही आणि कोरल पांढरं पडतं. दोन्ही कमी असण्यापेक्षा एकच कमी असणं वाईट पडू शकतं.

निवृत्त_रसायनमास्तर | १६ जानेवारी

अवांतर: आता कुणीतरी समुद्रशास्त्रज्ञ रेडफिल्डचं नायट्रोजन-फॉस्फरसचं १६:१ आणणारच, म्हणून आधीच सांगतो. ते अणूंचं गुणोत्तर आहे. पीपीएममध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट मोजलं तर ते १०.४:१ होतं. शिवाय त्याने ते समुद्राच्या पाण्यावरून आणि त्यातल्या प्लँक्टनवरून काढलं, काचेच्या पेटीवरून नाही.

पुणेरीपाणी | १८ जानेवारी

धागा उत्तम. दोन शंका. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का? आमच्याकडे टीडीएस २५ येतो. आणि तारकर्लीला पाण्याखाली गेलो होतो, तिथला कोरलचा छोटा तुकडा आणला तर?

कालवण | १८ जानेवारी

पहिल्याला नाही, दुसऱ्याला अजिबात नाही.

पिण्याच्या आरओच्या पुढे डीआयचा (उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनचा) टप्पा लावा आणि टीडीएस ० आल्याशिवाय मीठ कालवू नका. त्या २५ मध्ये काय आहे हे मीटर सांगत नाही, सिलिकेटही असेल आणि फॉस्फेटही. (निळाई, तुझ्याकडेही नळाचं पाणी तसं वापरू नकोस. अमेरिकेत पाइप गंजू नयेत, शिसं उतरू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी पाण्यात फॉस्फेट मुद्दाम घालतात.)

तारकर्लीचा तुकडा: सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. शिवाय मालवणचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शोभेला म्हणूनसुद्धा नको.

बोंबीलफ्राय | १८ जानेवारी

व्होडका किती उरली याची कोणी चौकशी करत नाहीये.

निळाईवेडा | १८ जानेवारी

अर्धी बाटली. सासूबाई सध्या इथेच आहेत. देवघराशेजारच्या कपाटात बाटली आणि सिरिंज बघून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही. "माशांचं औषध आहे" हे त्यांना अजून पटलेलं नाही.

निळाईवेडा | २९ जानेवारी

अपडेट. नायट्रेट चार दिवसांत ५ वर आलं आणि टिकलं. फॉस्फेटने मात्र वेड लावलं. रोज रात्री पाच मिली, म्हणजे ०.०५. सकाळी चाचणी ०.०१. पुन्हा पाच मिली, सकाळी ०.००. अकरा दिवसांत अर्धा पीपीएमहून जास्त ओतलं, कुठे गेलं कळत नाही. आज पहिल्यांदा सकाळी ०.०४ दिसलं आणि मी चहा तसाच टाकून पुन्हा चाचणी केली. आली ०.००! तिसऱ्यांदा ०.०७. यंत्र बिघडलंय का?

कालवण | २९ जानेवारी

कुठे गेलं म्हणजे, दगडांनी खाल्लं. पोट भरेपर्यंत चालू ठेव.

यंत्र बिघडलेलं नाही. तुझा जुना लो-रेंज चेकर आहे ना? त्याच्या माहितीपत्रकावर अचूकता अधिक-उणे ०.०४ लिहिलेली असते. म्हणजे ०.०० आणि ०.०४ हे त्याच्या दृष्टीने एकच. तू सहा आठवडे "०.००" बघून खूश होतास, तेव्हाही ते काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. अल्ट्रा लो रेंजवाला घे, किंवा फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवणारा. त्याचा आकडा ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचा. १३ आलं तर ०.०४.

आणि हात. कुपी दोन्ही वेळा त्याच दिशेने ठेवायची, वरच्या बाजूने धरायची, मऊ फडक्याने पुसायची. पुडी टाकल्यावर शेवटचे कण कागदाच्या घडीत अडकतात, ते टिचकी मारून पाड. हलवताना बुडबुडे काचेला चिकटले तर कुपी हळूच आडवी करून त्यांना वर जाऊ दे. बोटाचा एक ठसा लागला तरी आकडा हलतो. एकच चाचणी, रोज त्याच वेळी. एका सकाळी तीन केल्यास तर तीन आकडे येणार आणि चहा थंड होणार.

माणिक_ठाणे | ३० जानेवारी

+१. मी माझा टँक आज तपासला. नायट्रेट २, फॉस्फेट ०.०३. शून्य कधी नव्हतंच. मी दोन वर्षं जुन्या, मुदत संपलेल्या किटवर शून्य वाचत होतो. यावर कोणी हसू नये.

बोंबीलफ्राय | ३० जानेवारी

हसलो.

निळाईवेडा | २० फेब्रुवारी

यूव्ही लावून चार आठवडे. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही, दुसऱ्यात संध्याकाळच्या तारा आखूड झाल्या. गेल्या शनिवारी मायक्रोस्कोपखाली पाच थेंब बघितले, फुगडीवाले एकूण दोन. लेक नाराज आहे.

नायट्रेट ८, फॉस्फेट नव्या चेकरवर ०.०८. गेले नऊ दिवस डोस न घालताही टिकून आहे, फक्त खाण्यावर. अल्कलिनिटी ८.१. हॅमर पुन्हा हिरवा, मधे तर मुठीएवढा फुगला होता. बर्ड्स नेस्ट गेलं. टोकाकडच्या तीन काड्या जिवंत होत्या, त्या तोडून सुपरग्लूने दगडावर लावल्यात. अॅक्रोपोराची टोकं परत निळी होतायत, पण बुडाचा जो भाग मेला त्याच्यावर आता हिरवं शेवाळ आलंय. काचेवरही येतंय, दर तीन दिवसांनी पुसावी लागते. हे पुन्हा ऑगस्ट तर नाही ना?

कालवण | २१ फेब्रुवारी

काचेवर हिरवं येतंय हे वाचून मला बरं वाटलं. डायनोंनी अडवलेली जागा आता दुसऱ्या कुणीतरी घेतली. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ येणारच, तिथे कातडी उरलेली नाही.

केसाळ वाढलंच तर हाताने उपट आणि गोगलगायी आण. रसायनाकडे धावू नकोस. फॉस्फेट ०.१५ च्या वर जाऊन तिथेच बसलं तर जीएफओ लाव, पण पाकिटावर लिहिलेल्याच्या पाव भाग, आणि दर दोन दिवसांनी मोज. यूव्ही अजून दोन महिने चालू राहू दे.

एक राहिलं. तुझ्याकडे झोआ (बटणांसारखी दिसणारी मऊ प्रवाळं) असतील तर त्यांचा दगड साफ करायला कधी उकळू नकोस, गरम पाणीही ओतू नकोस. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेतून घरभर जातं, अशाने कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात गेलीत.

पुणेरीपाणी | २२ फेब्रुवारी

मी डीआय लावला, टीडीएस ०. मऊ प्रवाळांनीच सुरुवात करतोय, झोआ आणि मशरूम. कोरडे दगड पाण्यात पडलेत. पहिल्या दिवसापासून फॉस्फेट घालू?

कालवण | २२ फेब्रुवारी

दिवा बंद ठेवा आणि सायकल होऊ द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी जमू द्या. शेवाळाला घाबरून जीएफओ आणू नका, एवढं पुरे. पहिला मासा सोडलात की परत या.

निळाईवेडा | ९ मार्च

सासूबाई परवा पुण्याला गेल्या. जाताना व्होडका ओतून बाटली धुतली आणि तिच्यात मनी प्लांट लावून गेल्या. टँक ठीक. नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०९. तीन काड्यांपैकी दोन दगडावर पसरायला लागल्यात. काच पुसायचं मॅग्नेट मात्र चार दिवस सापडत नाहीये.